आखाजीचा हिशेब

श्रोतेहो, वैशाख शुद्ध तृतीयेला पंचांगात अक्षय्य तृतीया म्हणतात. शहरात त्या दिवशी सराफाच्या दुकानांत गर्दी होते. आमच्या खानदेशात मात्र या दिवसाचे नाव आहे आखाजी, आणि आखाजी म्हणजे आमची उन्हाळ्यातली दिवाळीच. ऊन बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर गेलेले असते, विहिरींनी तळ दाखवलेला असतो, रान मोकळे असते. अशा वेळी मुराळी पाठवून सासरच्या लेकी माहेरी आणल्या जातात. निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात. गौराईची गाणी सुरू होतात. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर गाणे रचले आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सासुरवाशिणीच्या मनात या सणाला जागा किती मोठी आहे, हे त्यातून कळते.

पण आखाजीला आणखी एक अंग आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. आखाजी हा आमच्याकडे हिशेबाचा दिवस. सालदाराचे साल या दिवशी संपते आणि नवे साल याच दिवशी लागते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. वर्षाचे धान्य किती, रोकड किती, कपड्यांचे जोड किती, वहाणा किती, हे आखाजीला ठरायचे. त्याने वर्षभरात घेतलेली उचल वहीतून वाचून दाखवली जायची. उचल फिटली तर गडी मोकळा. नाही फिटली तर पुढचे साल त्याच मालकाकडे. आज सालदार मिळत नाही अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे, पण माझ्या लहानपणी आमच्या घरी दर आखाजीला ती लाल कापडात बांधलेली वही निघत असे.

यंदाच्या आखाजीला मी अकरा वर्षांनी गावी गेलो. मी धुळ्याला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. गिरणाकाठचे आमचे गाव तिथून एस. टी. ने दोन-अडीच तासांवर. दोन-अडीच तासांची वाट आणि अकरा वर्षे लागली! वडिलांनी शेत विकले, घर पडले, मग कोणाकडे जायचे, असे मी स्वतःला सांगत असे. पण ते काही खरे नव्हते. तिथे माझा मित्र होता.

हा मित्र आमच्या सालदाराचा मुलगा. त्याच्या वडिलांना सगळे गाव आबा म्हणे. मी आणि तो पहिलीपासून सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. गणितात तो माझ्या पुढे होता, हे मी आज विनयाने म्हणत नाही. गुरुजींनी आमच्या पाट्या शेजारी शेजारी ठेवून ते वर्गाला दाखवले होते. सातवीनंतर मी तालुक्याच्या शाळेत गेलो आणि तो आमच्याच म्हशींमागे गेला. आबांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात उचल वाढली होती आणि ती फेडायला आणखी दोन हात हवे होते. माझी दहावीची परीक्षा होती तेव्हा पहिल्या पेपरच्या दिवशी पहाटेची गाडी येणार नाही असे रात्री कळले. आबांनी दोन वाजता बैल जुंपले आणि चौदा किलोमीटर गाडी हाकून मला परीक्षेच्या दारात उतरवले. आणि हेच आबा चार वर्षांपूर्वी पौषात गेले, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. फोनवर चार शब्द बोललो आणि पुन्हा गठ्ठ्याकडे वळलो.

सकाळी साडेआठला मी त्याच्या अंगणात उभा राहिलो. तो उठला, पंचाने खाट झटकली आणि म्हणाला, "या सर. बसा."

श्रोतेहो, ज्याच्याशी अहिराणीत भांडत आपण लहानाचे मोठे झालो, तो जेव्हा आपल्याशी पुस्तकातली मराठी बोलू लागतो, तेव्हा काय वाटते ते गावातून शहरात गेलेल्याला सांगायला नको. मी बसलो. पाणी आले, चहा आला. मुलांची चौकशी झाली, पगाराची झाली. मग दोघेही गप्प.

घरात घागर भरायची तयारी चालली होती. आखाजीला पितरांच्या नावाने कुंभाराकडची नवी घागर पाण्याने भरतात, तिची पूजा करतात. घागरीवर डांगर ठेवतात. डांगर म्हणजे तुमच्याकडचे खरबूज. शेजारी आंबे, सांजोऱ्या. दुपारी पुरणाच्या पोळ्या आणि आमरसाचा नैवेद्य होतो, आणि निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी देतात. मित्राने आगारी टाकली, आबांचे नाव घेतले, आणि पळी माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुम्हीपण टाका. आबा विचारायचे तुमचं." एवढेच. मी घास टाकला. धुराने डोळ्यांत पाणी आले, हे बरेच झाले.

जेवणानंतर बाहेर बायकांचे झोके चढू लागले, ओट्यांवर पत्त्यांचे डाव पडले. आम्ही दोघे मारुतीच्या पाराकडे गेलो. तिथे संध्याकाळच्या बारागाड्यांची जुळणी चालली होती.

बारागाड्या हा खानदेशातल्या गावोगावच्या यात्रांचा मोठा देखावा. कुठे चैत्रात, कुठे आखाजीला. बैल सोडलेल्या गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांवर माणसे दाटीने उभी राहतात, आणि खंडोबाचा भगत कमरेला आकडा अडकवून ती सगळी माळ गावाच्या रस्त्यातून ओढत नेतो. लहानपणी मी तोंडात बोट घालून ते पाहिले होते. पुढे पुस्तके वाचली, तेव्हा श्रद्धा, लोकमानस असले शब्द मला मिळाले. त्या दुपारी मित्राने मला ते सगळे दोराच्या भाषेत समजावून सांगितले.

"बैलगाड्याच आता राहिल्या नाहीत," तो म्हणाला. "गोळा करायला चार गावं फिरावी लागतात. आणल्यावर आधी कण्याला वंगण. लाकडी चाक, लोखंडी धाव आणि कडक रस्ता असला म्हणजे गाडी चालती ठेवायला जोर फार लागत नाही. जोर लागतो तो पहिल्यांदा हलवायला. म्हणून दोन गाड्यांच्या मधला दोर हातभर ढिला ठेवायचा. पहिली हलते, मग ती दुसरीला हलवते, दुसरी तिसरीला. बाराच्या बारा एकदम हलवायच्या म्हटलं तर हत्तीला जमणार नाही. आणि बगले असतात भगताच्या दोन्ही अंगांना, मागून पोरं रेटतात, रस्ता वेशीकडे उतरता आहे."

मी म्हणालो, "म्हणजे भगत ओढतच नाही म्हण की!"

तो थोडा रागावला. "असं कसं? भगत पुढे नसला तर शंभर माणसं एकाच दमात जोर लावतील का? आपल्या गावात दोन माणसं एका मताची नाहीत."

मग त्याने शेवटच्या गाडीकडे बोट दाखवले. तिच्या मागच्या बाजूला मनगटाएवढा जाड दोर बांधलेला होता आणि तो लांब जमिनीवर पडला होता. हा दोर माझ्या लहानपणी नव्हता.

त्याची हकीकत अशी. काही वर्षांपूर्वी उतारावर गाड्यांनी वेग घेतला. पुढच्या गाड्या लोकांनी अंगाने अडवल्या. पण मागच्या गाड्यांना ते कसे कळणार? त्या पुढच्यांवर चढल्या, माळ वाकडी झाली, आणि एक गाडी कडेच्या गर्दीत शिरली. दहा वर्षांच्या एका पोराच्या पायावरून चाक गेले. तो पोर आज लंगडत चालतो. तेव्हा मित्राच्या ध्यानात आले की माळ थांबवायची तर ती पुढून थांबवून उपयोग नाही. ती मागून आवळली पाहिजे. शेवटच्या गाडीला दोर बांधा, वीस माणसे तो धरून चालू द्या, आणि उतार आला की ताणू द्या. सगळ्या गाड्या सरळ राहतील. दुसरे असे की, कडेला दोर लावून पोरांना ओट्यावर बसवा आणि गाड्यांच्या पुढे कोणालाही पळू देऊ नका.

ही साधी गोष्ट गावाला पटवायला त्याला दोन वर्षे लागली. लोक म्हणाले, देवाच्या गाड्यांना मागून ओढणारा हा कोण? गाड्या नाही चालल्या तर दोष कोणावर? सालदाराच्या पोराने गावाला शिकवू नये, असेही एकाने बोलून दाखवले. शेवटी म्हाताऱ्या भगतानेच निकाल दिला. तो म्हणाला, "माझ्या पाठीमागे कोणाचं पोर चिरडलं, तर मी देवाला तोंड काय दाखवू? बांधा दोर." त्या पहिल्या वर्षी दोर धरायला आठच माणसे पुढे आली, आणि त्यांत सगळ्यांत पुढे होते आबा, सत्तरी उलटलेले. तीच त्यांची शेवटची आखाजी.

ऊन उतरले तशी सगळी वाट माणसांनी भरली. ओटे, गच्च्या, भिंती, कुठे रीघ नव्हती. डफ वाजू लागले. अंगाला हळद फासलेला भगत देवदर्शन करून आला, गाड्यांभोवती त्याने पाच फेऱ्या घातल्या. मी आपला पाहुण्यासारखा एका ओट्यावर उभा होतो. मल्हाराच्या नावाचा एकच गजर झाला, पहिली गाडी हलली, दुसरी हलली, आणि खडखडाट करीत ती सारी माळ माझ्यासमोरून गेली. सगळ्यांचे डोळे भगतावर. माझे मात्र मागे लागले होते.

शेवटची गाडी पुढे आली. दोराला माणसे थोडी होती. तरणी पोरे गाड्यांवर चढायला पळाली होती. समोर उतार. मित्राने मान वळवून पाहिले, मी त्याला दिसलो, आणि तो ओरडला, "ए भाऊ! उभा काय? ये, दोर धर!"

मी उडी मारली. दोर हातात घेतला. उतारावर तो असा ताणला की तळहाताची साल निघाली. "सोडू नको भाऊ, सोडू नको!" तो ओरडत होता. टाचा मातीत रोवून आम्ही पंधरा-वीस माणसे मागे रेललो. गाड्या सरळ चालल्या आणि वेशीपाशी हलकेच थांबल्या. पुढे भगताला लोकांनी खांद्यावर घेतले, गुलाल उधळला. मागे आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही. ओट्यावर तो लंगडणारा मुलगा लहान पोरांना रांगेत धरून उभा होता. त्याने तेवढी मित्राकडे पाहून मान हलवली.

रात्री अंगणात खाटेवर बसलो. मित्राच्या मुलीने माझ्या हाताला हळद आणि तेल लावले. ती बारावीला आहे, विज्ञान शाखेला. तेव्हा मी मनात कित्येक वर्षे दडपलेले बोललो. म्हणालो, "तुझी शाळा आमच्या वहीत बुडाली. मी पुढे गेलो तो तुमच्या दोघांच्या जोरावर. आबा गेले तेव्हा तरी मी यायला हवं होतं."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हवंच होतं." त्याने मला सहज सोडले नाही, हे मला आवडले. थोड्या वेळाने म्हणाला, "आज आखाजी. जुन्या सालाचं झालं. आता नव्या सालाची बोली कर. पोरीला धुळ्याला शिकायला पाठवायची आहे. फुकट काही नको. खर्च मी करीन. तू फक्त मागून लक्ष ठेव."

मी हो म्हणालो. सकाळी पहिल्या गाडीला तो पोचवायला आला. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "पुढला आखाजीले येजो." बोली झाली. आता ती पाळणे माझ्याकडे आहे.

श्रोतेहो, तुमच्याही गावाला यात्रा असेल, गाड्या असतील. मागचा दोर आहे का, ते पाहा. नसेल तर पुढच्या यात्रेआधी पंचांशी बोला. देव त्याने रागवत नाही. आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. सुटी संपून मुले परत येतील, तेव्हा यात्रेवर निबंध लिहायला सांगालच. या खेपेस त्यांना एवढेच विचारा, की गाड्यांच्या मागे कोण कोण होते, त्यांची नावे लिहा. पुष्कळ मुलांना आपल्याच घरातले नाव लिहावे लागेल.

आणि तुमचाही कोणी दोन तासांच्या वाटेवर राहत असेल, तर यंदाचा उन्हाळा संपण्याआधी जाऊन या.