डिफॉल्टला 'हो'

(मंडळाच्या निधी-संकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"पर्यावरणावर काहीतरी बोल, पण पंधरा मिनिटांत आटप," असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. एकतर मी सॉफ्टवेअरमधला माणूस, आणि दुसरं म्हणजे माझ्यानंतर लगेच जेवण आहे. बाहेरून मसालेभाताचा वास येत असताना बायोमासवर भाषण ऐकायचं म्हणजे तुमच्या सहनशक्तीची परीक्षाच! पण या विषयाशी माझं जुनं नातं आहे, आणि त्यात थोडं अपराधीपणही आहे. ते आपल्या माणसांसमोर एकदा बोलून टाकावं म्हणून उभा राहिलो.

बायोमास हा शब्द मोठा वाटतो, पण वस्तू घरचीच आहे. लाकूड, भुसा, पाचट, शेणाच्या गोवऱ्या, गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाणारी उसाची चिपाडं. आजीने चुलीत जे जे घातलं ते सगळं बायोमास. फरक इतकाच की आजीला कुणी सर्टिफिकेट मागितलं नाही. आज मागतात. का मागतात ते सांगतो.

झाड किंवा ऊस वाढताना हवेतला कार्बन घेतो. जाळला की तोच कार्बन परत हवेत जातो. पुन्हा लावला की पुन्हा घेतो. म्हणून हे इंधन 'हिरवं'. हिशोब बरोबर आहे, पण त्यात वेळेची एक अट लपलेली आहे. ऊस बारा ते अठरा महिन्यांत परत उभा राहतो. पाइनचं झाड तोडलं तर तेवढं परत व्हायला काही दशकं जातात. जुनं जंगल तोडलं तर नातवंडांपर्यंत थांबायचं. आणि त्या जागी परत काही लावलंच नाही तर? म्हणजे इंधन हिरवं आहे की नाही, हे इंधनाकडे बघून कळत नाही. धूर सारखाच दिसतो. ते कुठून आलं आणि तिथे मागे काय उरलं, यावर सगळं ठरतं. बॉयलरपाशी उभं राहून ते दिसत नाही, म्हणून कागद लागतो.

याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. लाँग वीकएंडला बिग थिकेटला गेलेल्या मंडळींनी पूर्व टेक्ससच्या रस्त्यांवर पाइनचे ओंडके भरलेले ट्रक पाहिले असतील. त्याच भागात, प्लेनोहून गाडीने चारेक तासांवर, वुडविल नावाचं गाव आहे. २०१३ मध्ये एका जर्मन कंपनीने तिथे लाकडाच्या पेलेट्सचा कारखाना सुरू केला. वर्षाला पाच लाख टनांहून जास्त क्षमतेचा. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा वाळवून, दाबून केलेली छोटी कांडी. त्या कांड्या पोर्ट आर्थर बंदरात साठवायच्या आणि जहाजाने युरोपला पाठवायच्या. (एप्रिल २०१७ मध्ये पोर्ट आर्थरच्या सायलोत हाच माल आतून पेटला आणि कित्येक आठवडे धुमसत राहिला. हिरव्या इंधनाचा तो धूर गावकऱ्यांनी गिळला!)

टेक्ससचं लाकूड युरोपला कशासाठी? तर युरोपीय संघाने २००९ मध्ये कायदा केला की २०२० पर्यंत वीस टक्के ऊर्जा नवीकरणीय हवी. कोळशाच्या जागी पेलेट जाळली की ती त्यात मोजता येते. मग खरेदी करणाऱ्या वीज कंपन्यांनीच २०१३ मध्ये 'सस्टेनेबल बायोमास पार्टनरशिप' नावाची प्रमाणपत्राची योजना काढली. लाकूड कायदेशीर तोडलंय का, त्या भागात जंगल परत येतंय का, नेण्या-आणण्यात किती डिझेल जळलं, हे त्यात तपासतात. घन बायोमाससाठी संघाचे स्वतःचे बंधनकारक निकष २०१८ च्या कायद्यात आले, आणि २०२३ मध्ये ते आणखी कडक झाले.

पण गंमत बघा. या हिशोबात चिमणीतून निघालेला कार्बन ऊर्जेच्या खात्यावर शून्य धरतात. कारण तो जिथे झाड तोडलं तिथल्या जमिनीच्या खात्यावर मांडायचा, असा नियम आहे. जाळणारा एका देशात, तोडणारा दुसऱ्या देशात, आणि दोघांच्या वह्या वेगळ्या. एकत्र कुटुंबात किराण्याचं बिल कोण देणार, तसंच हे!

इंग्लंडमधल्या ड्रॅक्स या मोठ्या वीज केंद्राचंही उदाहरण आहे. तिथल्या नियामकाने चौकशी केली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष काढला की कंपनीने लाकडाच्या प्रकाराविषयीची माहिती नीट दिली नव्हती. कंपनीने अडीच कोटी पौंड भरले. मात्र लाकूड निकषात बसत नव्हतं असा पुरावा मिळाला नाही, हेही नियामकाने सांगितलं. म्हणजे दोष लाकडात सापडला नाही, वहीत सापडला.

आता आपल्या टेक्ससचीच दुसरी गोष्ट. अमेरिकेत २००५ मध्ये जैवइंधनाचा कायदा झाला आणि डिसेंबर २००७ मध्ये तो वाढवला. त्यात एक अट आहे. पीक किंवा पिकाचा कचरा अशा शेतातला हवा, जे १९ डिसेंबर २००७ च्या आधीपासून लागवडीखाली आहे. नव्याने रान तोडून केलेलं शेत चालणार नाही. आम्हा प्रोग्रामर लोकांना ही भाषा लगेच कळते, कट-ऑफ डेट! तयार झालेल्या इंधनाला गॅलनच्या हिशोबाने अडतीस आकडी नंबर मिळतात. तेल कंपन्यांना असे नंबर ठरावीक संख्येने सरकारला दाखवावे लागतात, म्हणून ते बाजारात विकले जातात.

लबकमधल्या एका माणसाने डोकं चालवलं. नंबर विकायचे तर इंधन कशाला बनवायचं? त्याने बायोडिझेलचा थेंबही न बनवता चार कोटी ऐंशी लाखांच्या आसपास नंबर विकले आणि सुमारे चार कोटी वीस लाख डॉलर मिळवले. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा आहे, जमीन नाही! २०१३ मध्ये त्याला पंधरा वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. त्यानंतर, २०१४ मध्ये, त्रयस्थ माणसाने प्रत्यक्ष जाऊन कारखाना तपासायची योजना सरकारने आणली. म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की प्रमाणपत्राला नावं ठेवून भागणार नाही. तपासणी नसेल तर लबक होतं.

पण कागद खराच असेल आणि तरी अपुरा असेल, तर? यासाठी मला तुम्हाला गावी न्यावं लागेल.

मी साखर कारखान्याच्या पट्ट्यातला मुलगा. कारखाना सुरू झाला की बगॅसची काजळी दोरीवरच्या कपड्यांवर पडायची आणि आई चिडायची. बगॅस म्हणजे रस काढल्यावर राहिलेला उसाचा चोथा. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतो, निम्मा ओलाच. तो बॉयलरमध्ये जाळून आधी वाफेवर कारखाना चालायचा. आता त्याच वाफेवर वीज करून बाहेर विकतात. महाराष्ट्रात अशा सहवीज प्रकल्पांची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. इथे पेलेटसारखा प्रश्न नाही. बगॅससाठी कुणी ऊस लावत नाही आणि ऊस वर्ष-दीड वर्षात परत येतो. नियमही चांगला आहे. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २००९ मध्येच घालून दिलं की अशा प्रकल्पाने केलेली वीज अधिक वापरलेल्या उष्णतेचा निम्मा भाग, ही बेरीज इंधनातल्या एकूण ऊर्जेच्या पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त भरली पाहिजे. इंजिनिअरला आवडेल असा स्वच्छ नियम. कार्बनच्या परीक्षेत आपला ऊस फर्स्ट क्लासमध्ये पास!

मग अडलं कुठे?

चौथीत आमच्या वर्गात दिवाळीनंतर एक मुलगी येऊन बसायची. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळीतली. कधी यायची, कधी नाही. उसाच्या पानांनी तिच्या हातांवर बारीक बारीक चिरा असायच्या. संध्याकाळी तीच डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन आमच्या दारात यायची आणि आई म्हशीसाठी तो घ्यायची. कारखान्याचा पट्टा पडला की टोळी निघून जायची. तिचं नाव मला आठवत नाही. तिच्या आणलेल्या वाढ्यांचं दूध मी प्यायलो, उसाच्या बिलातून माझी इंजिनिअरिंगची फी भरली गेली, आणि नाव आठवत नाही.

तोडीचा हिशोब असा चालतो. मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोला मिळून उचल देतो. त्या जोडीला म्हणतात एक 'कोयता'. दोन माणसं, पण हिशोबात एक कोयता. मग उचल फिटेपर्यंत तोड करायची. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग ताप असो की पाळी. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेले बीड जिल्ह्याचे आकडे असे: ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. दर सहा जणींमागे एक! मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हेच जगापुढे मांडलं, आणि ऊस उद्योगातल्या 'बोनसुक्रो' या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राबद्दलही प्रश्न विचारले. त्या प्रमाणपत्राच्या निकषांत कामगारांचे हक्क आहेत बरं का. पण तोडणारा माणूस कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, तो मुकादमाचा असतो. तपासनीस गेटवर येतो, तेव्हा टोळी दहा मैलांवर कुणाच्या तरी शेतात असते.

आणि आता माझा कबुलीजबाब.

काही वर्षांपूर्वी एका नोकरीत मी मालपुरवठादारांच्या तपासणीचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. माल शेतातला, साखरही त्यात होती. फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'कामगारांच्या बाबतीत सर्व निकष पाळले आहेत: हो / नाही.' तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. मी पाच मिनिटांत उपाय काढला, डिफॉल्टला 'हो' ठेवलं. तिकीट बंद! तीन महिन्यांनी रिपोर्ट आला, सगळे रकाने हिरवे. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. त्यात मीही वाजवल्या.

मंडळी, त्यात कुणी खोटं बोललं नव्हतं. कुणी काही बोललंच नव्हतं.

पुढे ती बीडची बातमी वाचताना पुरवठादारांच्या यादीतला आमच्याच जिल्ह्याचा पिनकोड डोळ्यांपुढे आला, आणि रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांना सांगितलं की चूक माझी आहे, ती दुरुस्त करू दे. बरीच हुज्जत झाली. शेवटी 'हो' काढून रकाना रिकामा केला आणि खाली एक ओळ वाढवली: 'कुणाशी बोललात? कुठल्या भाषेत?' पुढच्या तिमाहीत हिरवे रकाने भराभर रिकामे झाले. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. पण तो रिपोर्ट पहिल्यांदा खरा होता.

हे सगळं देणगीदारांच्या कार्यक्रमात कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण आपणही सर्टिफिकेट बघणारे लोक आहोत. पॅकेटवरचं हिरवं पान बघून आपण वस्तू घेतो. पावतीवर टॅक्सचा नंबर बघून देणगी देतो. त्यात चूक काहीच नाही, नंबर बघायलाच हवा. पण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर कागद देतो. जे विचारलं नाही, तिथे आपलं आपणच 'हो' धरून चालतो.

म्हणून एवढंच मागणं आहे. साखर असो, वीज असो की देणगी, तीन गोष्टी विचारत जा. हे कुठून आलं? ते खरंच तेवढं आहे का, हे कुणी प्रत्यक्ष जाऊन बघितलं? आणि ज्यांच्या हातांतून हे आलं किंवा ज्यांच्या हातात जाणार, त्यांच्याशी कुणी त्यांच्या भाषेत बोललं का? हा तिसरा प्रश्न मोठमोठ्या तपासनीसांना जड जातो. आपल्याला जायला नको, आपली तर भाषाच ती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा कारखान्याच्या रस्त्याला टोळी दिसली तर दोन मिनिटं थांबा, आणि नाव विचारा. मी विचारलं नव्हतं.

आणि हो, आज देणगी दिल्यावर आपल्या कार्यकारिणीलाही हे तीन प्रश्न जरूर विचारा. ते रागावणार नाहीत. रागावले तर मला सांगा!

मसालेभात गार होतोय.