मूठभर तांदूळ
(महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवशी संस्थेच्या कार्याचे गोडवे गावेत, असा शिरस्ता आहे. आम्ही मात्र आज एका उणिवेविषयी दोन शब्द बोलणार आहोत. मुलांच्या शिक्षणासाठी मदत असते. पण जिथे तिची निकड, त्या घरी तिची वार्ता पोहोचत नाही. पोहोचली तरी संकोच आड येतो.

1908 साली पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. नावातच तिची कथा आहे. परकी राजवट, सरकारचा भरवसा धरण्यासारखा नव्हता. तेव्हा घरोघरची मूठ मूठ जमवून शाळा चालवावयाची, असे लोकांनी मनावर घेतले. पोत्यात पडल्यावर कोणाची मूठ कोणती, हे कोण ओळखणार? म्हणूनच ती भिक्षा नव्हती.

1961 साली गोवा मुक्त झाला. पेडण्यात जन्मलेले भाऊसाहेब बांदोडकर 1963 साली पहिले मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या. शाळा दारात आली. खर्च मात्र दारातून गेला नाही. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीत कितीतरी ट्रक अंगणात उभे राहिले. अशा वेळी काटकसर सुरू होते ती मुलांच्या वह्या, बूट आणि प्रवासखर्चापासून. पेडण्यातील बागायतदाराचे आणि रापणकाराचे उत्पन्नही पाऊसपाण्यावरच अवलंबून.

कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण विनामूल्य आहे. खरी कसोटी पुढे, नववीत. नेमकी तेथेच उपयोगी पडणारी एक केंद्रीय शिष्यवृत्ती आहे: राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती. सरकारी वा अनुदानित शाळेतील मुलाने आठवीत असताना तिची परीक्षा द्यावयाची. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. मात्र प्रत्येक वर्षी समाधानकारक गुण मिळवावे लागतात. आठवीचे वर्ष हुकले, की ही संधी गेली! म्हणून सातवीचा निकाल हाती येताच मुख्याध्यापकांना भेटावे. मामलेदार कचेरीतील उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचे बँक खाते यांची तजवीज आधीच करून ठेवावी. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. त्यांचीही चौकशी शाळेतच करावी.

संस्थेस आमची एक विनंती आहे. साहाय्य घेणाऱ्या मुलांची नावे व्यासपीठावरून वाचू नयेत, त्यांची छायाचित्रे छापू नयेत. यादी कपाटात राहू द्यावी. आईबाप मदत नाकारतात ते पुष्कळदा गर्वाने नव्हे, तर उद्या वर्गात आपल्या मुलाला कोणी बोलेल या भीतीने.

आणि सभासदांनो, आपल्या वाड्यावरील तीन घरे आपण आपली मानावीत. वर्ष सुरू होण्याआधी तेथे सहज जाऊन बसावे. "काही अडचण आहे का?" असे विचारू नये, उत्तर "नाही" असेच येते. "फॉर्म भरला का? चला, मामलेदार कचेरीत आपण दोघे मिळून जाऊ," असे म्हणावे.

आज तांदळाची मूठ कोणी मागत नाही. अर्धा दिवस आणि एक खबर, एवढीच मूठ द्यावयाची आहे. ती आपण द्याल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.