विस्मृतीच्या व्याधीवरील उपचार

‘साठी, बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण वृद्धांच्या विसराळूपणावर हसतो आणि विषय तेथेच संपवितो. त्या हसण्यात पुष्कळदा उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयोमानाने स्वाभाविक होय. परंतु नित्याची वाट चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, हे व्याधीचे लक्षण असू शकते. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन केले. त्यांचेच नाव या व्याधीस मिळाले.

पहिला उपचार म्हणजे नीट तपासणी. थायरॉइडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल विषण्णता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांनीही स्मृती मंदावते. आणि या कारणांवर इलाज आहे.

व्याधी अल्झायमरचीच ठरली, तर ती समूळ बरी करणारे औषध आज नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन ही औषधे मेंदूतील ॲसिटिलकोलीन द्रव्याचे विघटन रोखून काही काळ आधार देतात. मेमँटिन पुढील अवस्थांत उपयोगी पडते. अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब आणि २०२४ साली मान्य झालेले डोनानेमॅब मेंदूत साचलेले ॲमिलॉइड काढून टाकतात. तथापि ती आरंभीच्या अवस्थेपुरतीच आहेत. दीड वर्षाच्या चाचणीत लेकानेमॅबने ऱ्हासाची गती सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. व्याधी थांबली मात्र नाही. शिवाय मेंदूस सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका असतो.

औषधांची मर्यादा अशी असल्याने उपचाराचा मोठा भाग घरातच घडतो. ठरलेला दिनक्रम, रोजचे चालणे, रात्री मंद दिवा, परिचित अभंग व गाणी यांनी रुग्ण स्थिरावतो. चिडचीड एकाएकी वाढली, तर गुंगीचे औषध मागण्यापूर्वी वेदना, बद्धकोष्ठ किंवा मूत्रमार्गाचा दाह नाही ना, हे पाहावे. आजोबांनी ‘माझी आई कोठे आहे?’ असे विचारले, तर तिच्या मृत्यूची वार्ता रोज नव्याने ऐकवू नये. ‘आईची आठवण येते ना? तिच्याविषयी सांगा’ असे म्हणावे.

हे सारे बहुधा एकट्या पत्नीच्या अथवा सुनेच्या माथी येते. तिचे शरीर खचले, तर रुग्णाचाही आधार तुटतो. म्हणून घरातील पुरुषांनीही शुश्रूषेच्या पाळ्या वाटून घ्याव्यात आणि आठवड्यातून एक दिवस तरी तिला पूर्ण विश्रांती द्यावी. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिलेले नसते. तरीही तो उपचाराचाच भाग आहे.