लोकगायक प्रल्हाद शिंदे



ज्ञानेश्वरी आणि अर्थकारण यांच्या पंक्तीला कॅसेटवरचा गायक कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की हा विषय आपल्या हिंगोलीच्या दारातूनच निघतो.

नर्सी ही नामदेवांची जन्मभूमी म्हणून आपण तिला वंदन करतो. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी तेथे जाऊन त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या व महाद्वारासमोर समाधी बांधविली, असे वारकरी परंपरा सांगते. अस्थी दारापर्यंत पोचल्या. पण चोखोबांच्या जातिबांधवांना दाराच्या आत पाऊल टाकण्यास 1947 चा मे महिना उजाडावा लागला, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले.

त्याच मंगळवेढ्याचे हे शिंदे घराणे. प्रल्हाद शिंद्यांचा जन्म 1933 चा; म्हणजे दार उघडले तेव्हा हा दलित मुलगा चौदा वर्षांचा होता. आईबापांचे भजन-कीर्तन हीच त्यांची शाळा आणि तेच पोटाचे साधन. पुढे मुंबई-कल्याणकडील कष्टाचे जिणे आले. इस्माईल आझादांच्या कव्वाली पार्टीत त्यांनी कोरसमध्ये साथ केली. भजनाने आर्तता दिली, कव्वालीने उंच पट्टी आणि गर्दीला भिडण्याची हिंमत दिली, व गरिबीने त्या दोहोंना खरेपणा दिला.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या गाण्याचा एक प्रकार आहे, त्यास ‘सोल’ म्हणजे आत्मा असेच नाव आहे. चर्चमधील भक्तिगीतांतून तो निघाला व शहरांतील वस्त्यांत वाढला. डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची कन्या अरिथा फ्रँकलिन ही त्याची सम्राज्ञी. जगभर कीर्ती मिळाल्यावर 1972 साली ती पुन्हा चर्चमध्ये उभी राहून भक्तिगीते गायली. हे गाणे ऐकताना शब्द न कळताही आपण हलतो, कारण देवापाशी दाद मागण्याची ती रीत आपल्या परिचयाची आहे.

शिंदे विठ्ठलाची गाणी गायले आणि भीमगीतेही गायले. 1956 च्या धर्मांतरानंतर या दोन वाटा वेगळ्या झाल्या, मग एका गळ्यात त्या कशा, अशी शंका काहींना येते. आम्हांस त्यात विसंगती दिसत नाही. एकीकडे देवापुढे मांडलेले दुःख आहे, दुसरीकडे त्या दुःखाचे कारण ओळखून ताठ उभे राहणे आहे. माणूस तोच आहे.

2004 साली ते निवर्तले. आनंद व मिलिंद या पुत्रांनी गाणे पुढे चालविले. ‘पाऊले चालती’ आजही आषाढीला गावोगावच्या देवळांच्या कर्ण्यावर लागते. ज्याच्या वाडवडिलांना पायरीशी थांबविले, त्याचा आवाज गाभाऱ्यापर्यंत पोचला, याचा आनंद आहेच. पण आवाज आत घेणे सोपे असते. त्यासाठी कोणाला सरकून बसावे लागत नाही. कर्णा बंद झाल्यावर त्या आवाजाच्या माणसाला आपल्या पंगतीत, आपल्या आळीत भाड्याच्या खोलीत, आपल्या सोयरिकीत किती जागा आहे? नामदेव अस्थी आणण्यास स्वतः मंगळवेढ्यास गेले होते. आपण, नर्सीच्या शेजारचे लोक, निदान आपल्याच गावच्या दुसऱ्या आळीपर्यंत जाऊ या.