मुलांच्या हातचे पहिले पुस्तक
(गोंदिया येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



धानाची रोवणी करून आणि बिड्या वळून या भागातील आईबापांनी आपली मुले महाविद्यालयात धाडली आहेत. १९५८ साली येथे गोंदिया शिक्षण संस्था स्थापन झाली. आज महाविद्यालय आपल्या दाराशी आहे. परंतु तेथे गेलेल्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक पडते, याची विचारपूस आपण करीत नाही. ती आपण करावी, एवढीच माझी विनंती आहे.

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, शिक्षणशास्त्र या प्रत्येक विषयात प्रथम वर्षासाठी एक परिचयग्रंथ असतो. तो त्या शास्त्राची भाषा शिकवितो. सार्वभौमत्व म्हणजे काय, चलनवाढ कशाने होते, त्याविषयी कोणी कोणता पक्ष मांडला आणि त्याला पुरावा कोणता, हे तेथे कळते. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचे पुस्तकांचे कपाट आहे, त्यांच्या मुलांच्या कानावर यातील पुष्कळसे घरबसल्या पडते. आपल्या मुलांना ते पुस्तकातूनच मिळावयाचे असते. आणि नेमके त्यांच्याच हाती गाईड येते! गाईड तयार उत्तर देते. ते उत्तर कोठून आले हे सांगत नाही. त्याच्या बळावर परीक्षा उत्तीर्ण होता येते, परंतु कोणी 'हे कशावरून?' असे विचारले की पदवीधर निरुत्तर होतो.

मराठीत ग्रंथच नाहीत, ही सबब पुरेशी नाही. भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले आहेत. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने महाविद्यालयीन विषयांवर मराठी ग्रंथ प्रसिद्ध केले. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पुस्तके तर स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यासाठीच लिहिलेली असतात. गोंदियाच्या बाजारात हिंदी सर्रास बोलली जाते. तेव्हा आपल्या मुलांना हिंदी ग्रंथही परके नाहीत.

मात्र छापले आहे म्हणून ते खरे, असे मानू नका. परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, असे तथागतांनी कालामांना सांगितले. पाठ्यपुस्तकालाही हीच कसोटी लावा. समाजशास्त्राचे एखादे पुस्तक जातीला श्रमविभागणी म्हणून मोकळे होते. त्या समर्थनाचे खंडन बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिभेद निर्मूलन' या आपल्या इंग्रजी प्रबंधात केले. अर्थशास्त्राचे पुस्तक रुपयाचा इतिहास सांगते. त्याच प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, हे त्यात आहे काय, ते पाहा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात १८८२ चा हंटर आयोग असतो. त्याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी, शेतकऱ्यांच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, अशी तक्रार मांडली. ते निवेदन पुस्तकात नसेल, तर विद्यार्थ्याने प्राध्यापकांना नम्रपणे, पण निर्भयपणे, कारण विचारावे.

आता कर्तव्याचे बोलतो. प्रत्येक विहारात एक कपाट ठेवा. वर्ष संपले की मुलांनी आपली पाठ्यपुस्तके रद्दीत न घालता तेथे आणून द्यावीत. नवीन पुस्तक घेताना ते कोणत्या वर्षीचे आहे आणि चालू अभ्यासक्रमाशी जुळते काय, हे प्राध्यापकांना विचारून पाहावे. आठवड्यातून एकदा वरच्या वर्गातील मुलामुलींनी खालच्या वर्गातील भावंडांसह एक प्रकरण वाचावे. ज्या आईला अक्षरओळख नाही, तिनेही शेजारी बसावे आणि 'आज काय समजले, ते मला सांग' असे म्हणावे. जो आईला समजावून सांगू शकतो, त्याला ते खरोखर समजलेले असते.

१९५४ साली बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. त्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. परंतु मतपेटीने नाकारलेल्या त्या माणसाचे विचार आज विद्यापीठे शिकवितात. ही ग्रंथांची शक्ती आहे. ती आपल्या घरात आणा.

जय भीम!