पाच ठोके आणि गाळलेला षड्ज



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'पाश्चात्त्य संगीत कसं ऐकावं'. एवढा मोठा घास एका संध्याकाळी उतरणार नाही, म्हणून मी एकाच मैफलीपुरतं बोलणार आहे. पूर्वार्धात बीथोवनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, मग मध्यंतर, आणि उत्तरार्धात मोझार्टची चाळिसावी सिंफनी. जगभरच्या ऑर्केस्ट्रांच्या हंगामात अशी जोडी नेहमी दिसते. मुंबईत २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यापासून नरिमन पॉइंटला जाऊन हे प्रत्यक्ष ऐकणं आपल्यालाही अवघड राहिलेलं नाही.

जाऊन आलेले लोक एक तक्रार हमखास करतात. "चाल छान होती हो, पण पुढे ते कुठच्या कुठे भरकटले!" माझं म्हणणं असं, की ते भरकटणं ऐकायलाच तिकीट काढायचं असतं. चाल हे नुसतं भांडवल. त्याचा व्यापार कसा झाला, ते ऐकायचं.

बीथोवनपासून सुरुवात करू. हा कॉन्चेर्टो २३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नात, थिएटर आन देअर वीन या नाट्यगृहात पहिल्यांदा वाजला. व्हायोलिनवर होता फ्रान्झ क्लेमेंट. रचना इतकी उशिरा पुरी झाली, की क्लेमेंटनं बराचसा भाग समोर कागद ठेवून ऐन वेळी वाजवला, असं सांगतात. त्याच कार्यक्रमात त्यानं व्हायोलिन उलटं धरून एका तारेवर वाजवण्याची करामतही केली. लोकांना बहुधा तीच जास्त आवडली असावी. कॉन्चेर्टो मात्र जवळजवळ अडगळीत गेला. तो खऱ्या अर्थानं बाहेर आला मे १८४४ मध्ये, लंडनला. मेंडेल्सोन कंडक्टर होता आणि व्हायोलिन वाजवत होता योझेफ योआखिम नावाचा बारा वर्षांचा मुलगा.

अडतीस वर्षं लोकांना हा कॉन्चेर्टो का रुचला नसेल? तीन भागांपैकी पहिल्याची सुरुवात ऐका, म्हणजे कळतं. पडदा उघडताच टिम्पनीवर, म्हणजे त्यांच्या नगाऱ्यांवर, पाच ठोके. एकच सूर, सारख्या अंतरानं, अगदी हळू. पट्टी डी, म्हणजे आपली पांढरी दोन, आणि ठोके त्याच सुराचे. षड्ज लावून झाला म्हणा. मग ओबो, क्लॅरिनेट, बासून शांतपणे एक ओळ गातात. ती संपते न संपते तोच व्हायोलिनं तसेच चार ठोके देतात, पण सूर भलताच. डी शार्प. आपल्या हिशेबानं, शुद्ध रिषभाच्या त्या स्वरसमूहात अचानक कोमल रिषभ! मागे कुठलाही आधार नाही, खुलासा नाही. चार ठोके झाले की जणू काही घडलंच नाही अशा थाटात संगीत पुढे चालू लागतं. हे नीट ऐकलंत तर उरलेली वीस-पंचवीस मिनिटं तुमची. कारण ते ठोके पाठ सोडत नाहीत. कधी तारवाद्यांवर, कधी भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या तानांच्या खाली दबकत, आणि सुरुवातीची सामग्री परत येते तेव्हा सबंध ऑर्केस्ट्रा एकदिलानं, पूर्ण ताकदीनं तेच ठोके आदळतो. पहिल्या पाच सेकंदांत जे कुणीही चाल म्हणून मोजलं नसतं, त्यावर हा डोलारा उभा आहे.

दुसरी गंमत मुख्य वादकाची. आपल्याकडे कलाकार बैठकीवर बसला की लोक त्याचाच पहिला सूर ऐकायला आलेले असतात. इथे व्हायोलिनवादक सगळ्यांसमोर उभा, वाद्य खाली, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसता ऐकतो आहे. वाजवू लागतो तेव्हाही चाल त्याच्या वाट्याला येत नाही. या भागातली सर्वांत सुंदर चाल, चढत जाणारी, प्रार्थनेसारखी साधी, ती गातात क्लॅरिनेट आणि बासून. व्हायोलिन वर लांबलचक कंप धरून बसतं. मुख्य पाहुणा, आणि त्याच्याकडे सजावटीचं काम!

मग येतो कॅडेन्झा, म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि वादक एकटा वाजवतो ती जागा. बीथोवननं व्हायोलिनसाठी ती लिहून ठेवलीच नाही, म्हणून योआखिमनं, क्रायस्लरनं आणि इतर अनेक व्हायोलिनवादकांनी आपापली लिहिली. बहुतेक वादक क्रायस्लरची वाजवतात. माझीही पसंती तिलाच, कारण तीत दोन चाली एकाच वेळी एकाच व्हायोलिनवर गुंफल्या जातात. ही सगळी करामत संपते, टाळ्यांची जागा येते असं वाटतं, आणि तेव्हा, पहिल्यांदाच, व्हायोलिन ती प्रार्थनेसारखी चाल स्वतः, सरळ, खालच्या जाड तारांवर वाजवतं. बाकीची तारवाद्यं हलक्या बोटांनी छेडलेली. वीसएक मिनिटं जे रोखून धरलं, ते असं हातात येतं. क्लेमेंटच्या उलट्या व्हायोलिनपेक्षा ही करामत कितीतरी मोठी, पण ती समजायला मधली वीस मिनिटं कान जागे हवेत.

उरलेले दोन भाग मी मुद्दाम सोडतो. ते स्वतःची काळजी घेतात.

टाळ्यांचा विषय निघालाच आहे. आपल्याला मध्येच 'वा' म्हणायची सवय, आणि तिथे भागांच्या मध्येसुद्धा चिडीचूप. पण हा नियम फार जुना नव्हे. १७७८ साली पॅरिसमध्ये आपली सिंफनी वाजत असताना लोकांनी मध्येच टाळ्यांचा गजर केला, तेव्हा मोझार्टला कोण आनंद झाला! लोक कुठल्या जागेला खूश होतील हे ओळखून आपण ती जागा मुद्दाम ठेवली होती, असं त्यानं वडिलांना पत्रात कळवलं. कार्यक्रमानंतर तो आइस्क्रीम खायला गेला.

मध्यंतरानंतर रंगमंचाकडे नीट पाहा. टिम्पनीची जागा रिकामी. ज्यानं पूर्वार्ध एकट्यानं सुरू केला, त्याला आता काम नाही. चाळिसाव्या सिंफनीत टिम्पनी नाही, ट्रम्पेट नाही. १७८८ च्या उन्हाळ्यात मोझार्टनं शेवटच्या तीन सिंफनी लिहिल्या. २६ जून, २५ जुलै आणि १० ऑगस्ट, अशा तारखा त्यानं आपल्या वहीत नोंदवल्या आहेत. ही मधली.

तिची चाल तुम्हाला पाठ आहे. सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया' चित्रपटात ती घेतली आणि तलत-लतांच्या आवाजात ती घराघरांत पोचली. त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन शिकून आलेली ही मंडळी. अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातलेच, आणि प्यारेलाल त्यांचे शिष्य. तेव्हा मोझार्ट आपल्याकडे मागच्या दारानं कधीच येऊन बसला आहे.

पण गाण्यात आलं ते भांडवल. कोमल धैवतावरून पंचमावर घसरणारा एक उसासा, तीनदा, मग वर झेप. सिंफनीत या उसाशाच्या आधी काय वाजतं ते ऐका. व्हायोला धडधडत असतात. चाल यायच्या आधीच साथ सुरू झालेली असते, जणू आपण आत यायला क्षणभर उशीर केला. आणि याच पहिल्या भागात, मधल्या टप्प्याच्या तोंडाशी, मोझार्ट ही ओळखीची चाल उचलून पांढरी पाचवरून चार-सहा सुरांत काळी तीनवर नेऊन ठेवतो. अर्धा सूर खाली, म्हटलं तर शेजारच्या पट्टीत. पण त्यांच्या हिशेबानं हे गाव फार दूरचं. लोक ज्याला भरकटणं म्हणतात, ते हेच. पुढे उसाशाचा तुकडा तुटत तुटत दोन-तीन सुरांचा उरतो, आणि तेवढ्यावरच तो घर परत गाठतो.

याहून धीट जागा शेवटच्या भागाच्या मध्यात आहे. तिथे सगळा ऑर्केस्ट्रा एकसुरात तुटक, उडते सूर फेकतो. सप्तकातल्या बारा सुरांपैकी अकरा येऊन जातात. येत नाही तो एकच, जी. म्हणजे या सिंफनीचा षड्ज! तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला याचा अर्थ युरोपीय श्रोत्यापेक्षा लवकर कळावा. आपल्याकडे कुठल्याही रागात षड्ज वर्ज्य नाही. इथे मोझार्ट नेमका तोच काढून घेतो, आणि काही क्षण पायाखाली जमीन राहत नाही.

शेवट गोड होईल, अशी आशा त्या काळचा श्रोता करत असे. मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या पट्टीत, सुरू झालेली रचना अखेरीस मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधारात, उजळायची हा प्रघात होता. मोझार्टला ते जमत नव्हतं असं नाही. वर्षभर आधी, १७८७ साली, याच जी मायनरमध्ये लिहिलेल्या स्ट्रिंग क्विंटेटच्या शेवटी त्यानं ती सवलत दिलेली आहे. या सिंफनीत दिली नाही.