बँडला न भिणारी घोडी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आषाढी वारीतलं वाखरीचं रिंगण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. पंढरपूरच्या अलीकडचा हा शेवटचा मुक्काम. मैदानात माणसांचं कडं उभं राहतं, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोचतो आणि त्या कड्याच्या आतून दोन घोडे दौडत जातात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नसतं. तो माउलींचा अश्व. त्यावर प्रत्यक्ष ज्ञानेश्वर माउली आरूढ असतात, ही वारकऱ्यांची श्रद्धा. हे अश्व येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरदारांकडून. अंकलीहून आळंदीपर्यंत ते पायी येतात आणि तिथून पालखीबरोबर पुन्हा पायी पंढरपूरला. रिंगण संपलं की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसांची झुंबड उडते आणि अशा गर्दीत ते जनावर शांतपणे उभं राहतं.

ते दृश्य पाहणाऱ्याला वाटतं, या प्राण्याला भीती ठाऊकच नसावी. मी पशुवैद्यक आहे. माझा दिवस गाई-म्हशींत जातो, घोडे तसे कमीच वाट्याला येतात. पण एवढं सांगू शकतो की घोड्याइतकं भित्रं पाळीव जनावर दुसरं नाही. आणि त्याची भीती नीट समजून घेतली, तर घोड्याइतकं शहाणं जनावरही दुसरं नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पटलं मात्र एका घोडीमुळे, आणि तेही माझ्या हातून चूक झाल्यावर.

एके काळी पंढरपुरात टांगे होते. टांगे गेले, तशी त्या घरांतली घोडी वरातीला लागली. अशाच एका घरात दोन घोड्या होत्या, एक म्हातारी आणि एक सात-आठ वर्षांची, पांढरीशुभ्र. या धाकटीच्या कानामागे मोरकीचा दोर घासून जखम झाली. आयाळीखाली झाकलेली, त्यामुळे आठवडाभर कुणाच्या लक्षात आली नाही. दिवस भाद्रपदाचे, हवा दमट, माश्या अमाप. मला बोलावणं आलं तेव्हा जखमेत अळ्या पडल्या होत्या.

अशा जखमेभोवतीचे केस काढावेच लागतात. केसांत पू आणि घाण अडकते, माश्या तिथंच पुन्हा अंडी घालतात आणि औषध कातडीपर्यंत पोचत नाही. मी पिशवीतून केस कापायचं मशीन काढलं आणि सुरू केलं. घोडीनं मान वर फेकली. मालकांनी वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पीळ दिला. ही आपल्याकडची जुनी रीत. त्यांचा पुतण्या, सतरा वर्षांचा पोरगा, मोरकी धरून उभा राहिला. मला पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. मशीन मानेला टेकवलं मात्र, घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पोरगा भिंतीवर आदळला आणि त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

चूक घोडीची नव्हती. पोराची तर नव्हतीच. घाई माझी होती. नंतर गुंगीचं इंजेक्शन देऊन मी जखम साफ केली, धनुर्वाताची लस टोचली. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, म्हणून ती विसरून चालत नाही. पण ते गुंगीचं इंजेक्शन मी आधीच द्यायला हवं होतं.

प्रश्न एवढ्यानं संपला नाही. जखम भरेपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी भोवतीचे केस काढावे लागणार होते. दर वेळी गुंगी देणं खर्चाचं आणि घोडीलाही बरं नव्हे. शिवाय घाईत कापलेली आयाळ एका बाजूनं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत होती. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात. असली घोडी वरातीला कोण नेणार? वर्षाची निम्मी कमाई त्या चार महिन्यांतली. आणि घोडीची अवस्था अशी, की माझ्या मोटारसायकलचा आवाज आला तरी ती दोराला हिसके देऊ लागली होती.

मालक वैतागून मला म्हणाले, “लबाड हाय ही, डॉक्टर. म्होरं बँड वाजतोय, पायाशी फटाक्याची माळ फुटतीया, मागं जनरेटर धडधडतोय, तिथं दगडावानी उभी ऱ्हाती. आन् ह्या एवढ्याशा मशीनला भ्यायला काय झालं?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर शोधताना माझंच शिक्षण झालं.

पहिली गोष्ट, घोड्याचं धाडस सरसकट नसतं. माणूस एका गोष्टीत धीट निघाला की दुसऱ्या गोष्टीतही धीट असेल असं आपण धरून चालतो. घोड्याला प्रत्येक गोष्ट वेगळी शिकावी लागते. वरातीला ही घोडी कशी तयार झाली होती? म्हाताऱ्या घोडीच्या शेजारी चालत, आधी लांबून बँड ऐकत, मग जवळून. थोरली बुजत नाही हे ती रोज पाहत होती. वारीचे अश्वही रोजच्या वाटचालीत टाळ-मृदंगाला सरावत जातात. केस कापायच्या मशीनची ओळख मात्र या घोडीला कुणी करून दिलीच नव्हती. ते एकदम कानाशी आलं.

दुसरी गोष्ट, बँडचा आवाज कितीही मोठा असला तरी तो अंगाला चिकटत नाही. मशीनचा आवाज, त्याची थरथर आणि स्पर्श या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कातडीवर येतात. घोड्याची कातडी इतकी तल्लख असते की माशी बसली तरी तेवढीच जागा थरारते. अशा जनावराला गुणगुणत अंगावर येणारी वस्तू म्हणजे गोमाशी नाही तर गांधीलमाशी. शिवाय माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात, घोड्याला ३३ हजारांच्या आसपासपर्यंत. आपल्याला नुसती गुणगुण वाटते, तिथं त्याला आणखी काय काय ऐकू येत असेल!

तिसरी गोष्ट, पळवाट. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. शिंगं नाहीत, चार पाय एवढंच त्याचं शस्त्र. त्याला करकचून बांधलं किंवा ओठ पिळून धरला, तर आपण नेमकं तेच शस्त्र काढून घेतो. मग तो उरलेलं करतो, उभा राहतो, नाही तर दुगाण्या झाडतो.

ओठाला पीळ दिल्यावर घोडा काही वेळ सुस्तावतो हे खरं आहे. शरीरात तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांचा त्यात हात असतो, असं संशोधकांनी १९८४ साली दाखवलं. पण तो परिणाम टिकत नाही आणि उतरला की घोडा अचानक उसळतो. मुख्य म्हणजे गप्प उभा राहिलेला घोडा शिकलेला नसतो. त्याची भीती नुसती दाबलेली असते, आणि दाबलेली भीती पुढच्या वेळी व्याजासकट परत येते. काही जण कान पिळतात. कान पिळून मुलं शहाणी होतात की नाही हे मला ठाऊक नाही, घोडा मात्र नक्की बिघडतो. पुढं तो मोरकी घालायलासुद्धा कान देत नाही.

यात नवं काहीच नाही. सिकंदराचा ब्युसेफॅलस आपल्याच सावलीला भितो हे ओळखून त्या पोरानं त्याचं तोंड सूर्याकडे वळवलं, ही कथा प्लुटार्कनं लिहून ठेवली आहे. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, झेनोफन या ग्रीक सेनानीनं घोड्यांवरच्या ग्रंथात बजावलं आहे की घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नये आणि भिणाऱ्या घोड्याला मारून त्या वस्तूजवळ नेऊ नये. मारलं की त्याची भीती दुणावते.

तर आम्ही काय केलं? आम्ही म्हणजे मुख्यतः त्या पोरानं. हात प्लास्टरमध्ये, दुसरं काम जमेना. मी त्याला बॅटरीवर चालणारं, कमी आवाजाचं मशीन आणून दिलं. वायरचं मशीन ओल्या जमिनीवर घोड्याजवळ वापरूच नये, विजेचा धक्का त्याला फार लवकर बाधतो. पोराला सांगितलं, घाई करायची नाही आणि भिंतीच्या बाजूला उभं राहायचं नाही. घोडी बांधायची नाही, दोर कुणीतरी सैल धरायचा. थोरली घोडी शेजारी असू दे.

पहिले चार दिवस घोडी चंदी खात असताना तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मशीन सुरू करून नुसता बसून राही. पहिल्या दिवशी घोडीनं तोबऱ्यातून तोंड काढलं. चौथ्या दिवशी एक कान तेवढा वळवला आणि खात राहिली. मग तो दोन पावलं जवळ सरकला. पुढं त्यानं एक गंमत केली. मशीन हातात धरून तो घोडीपासून लांब चालत जाई आणि काकांना तिला मागून आणायला सांगे. अंगावर येणाऱ्या वस्तूला घोडा भितो, पण लांब जाणाऱ्या वस्तूमागे तो कुतूहलानं जातो. आठवड्यानं घोडी स्वतःच मशीनचा वास घ्यायला लागली.

थरथरीची सवय करायला त्यानं मोबाइल वापरला. मोबाइल कापडात गुंडाळून घोडीच्या खांद्यावर धरायचा आणि काकूंना फोन लावायला सांगायचा. काकू घरातून ओरडायच्या, “उचल की मेल्या!” मग बंद मशीन खांद्यावर फिरवणं, मग चालू मशीन मुठीत धरून मुठीची पाठ तिच्या अंगाला टेकवणं, म्हणजे थरथर आधी आपल्या हातातून तिच्यापर्यंत पोचते. मधूनमधून तो तिच्या पाठीच्या उंचवट्याजवळ, आयाळ संपते तिथं, खाजवत राही. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात. त्या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे फ्रान्समधल्या घोड्यांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे.

या सगळ्यात कळीची गोष्ट एकच, मशीन दूर कधी करायचं. घोडीनं हिसका दिला आणि आपण मशीन मागे घेतलं, तर ती शिकते की हिसका दिला की सुटका होते. ती शांत उभी असताना मागे घेतलं, तर ती शिकते की शांत राहिलं की सुटका होते. म्हणून ती बिथरायच्या आधी थांबायचं. त्यासाठी तिची भाषा कळायला हवी. मान ताठ, डोळ्यांचं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुगल्यात, शेपूट आत घट्ट दाबलंय, म्हणजे आपण फार पुढं गेलो. दोन पायऱ्या खाली यायचं. मान खाली आली, लांब श्वास सुटला, मागचा एक पाय सैल पडला, म्हणजे आजचा धडा संपला. मशीन बंद. रोज दहा मिनिटं, जास्त नाही.

प्रत्यक्ष केस कापायला सुरुवात केली ती खांद्यावर, तीही केसांच्या दिशेनं. कान आणि डोकं सगळ्यात शेवटी. पात्याला तेल दिलेलं, धार नीट आणि दर दोन-तीन मिनिटांनी पातं आपल्या मनगटाला लावून पाहायचं. तापलेलं पातं चटका देतं, बोथट पातं केस ओढतं. पुष्कळ घोड्यांची भीती अशी कमावलेली असते. त्यांना खरंच दुखलेलं असतं आणि आपण त्याला हट्ट म्हणतो.

आता थोडी सावधगिरी. हे सगळं वेळ असेल तेव्हा. जखम वाहतेय, अळ्या पडल्यात, अशा वेळी धडे देत बसायचं नाही. डॉक्टरकडून गुंगी देऊन काम करून घेणं हीच दया. मात्र ते इंजेक्शन औषधाच्या दुकानातून आणून स्वतः टोचू नये. आणि गुंगीतला घोडासुद्धा लाथ मारू शकतो, हे विसरू नये. केस थोडेच काढायचे असतील तर बोथट टोकाची कात्री पुरते. काही घोडे कितीही शिकवलं तरी मशीन स्वीकारत नाहीत. तिथं आपण हरलो असं मानायचं कारण नाही. कात्री आहेच.

या घोडीला साडेपाच आठवडे लागले. मधल्या काळात जखमेचं काम मी कात्रीनं, थोडं थोडं करत भागवलं. प्लास्टर निघाल्यावर काही दिवसांनी पोराचा निरोप आला, येऊन जा. मी मोटारसायकल कोपऱ्यावर लावून चालत गेलो. घोडी अंगणात उभी होती, दोर काकांच्या हातात सैल. पोरानं मशीन सुरू केलं, डाव्या हातानं तिचा कान अलगद पुढं घेतला आणि आयाळीची ती कुरतडलेली बाजू सारखी केली. घोडीचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटलेले.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मान वर झाली, कान टवकारले. पोरानं लगेच मशीन बंद केलं आणि मला म्हणाला, “डॉक्टर, तुमी जरा लांब थांबा. मशीनचं भ्या गेलंय, तुमचं अजून हाय.”

त्यानंतर चार-पाच वेळा मी काही काम नसताना त्या घरी गेलो, रिकाम्या हातानं, पिशवी न घेता. अंगणात बसून चहा घ्यायचो आणि परत यायचो. पाचव्या खेपेला ती माझ्या खिशाचा वास घ्यायला आली. खिशात गूळ होता.